शिल्लक संपते तेव्हा: पॅरासिटामॉल आणि यकृताची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात माझा रूममेट तापाने फणफणला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या उशाशी पडलेल्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स मी सहज उचलून पाहिल्या. एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, गोळ्यांचे रंगही वेगळे. मागची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हींत एक शब्द सारखा होता: पॅरासिटामॉल.

"अरे, तू एकच औषध तीन नावांनी घेतोयस," मी म्हणालो.

"मग काय झालं? तापाचीच तर गोळी आहे."

मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी चार प्रश्न विचारले. एकूण किती मिलिग्रॅम? कधीपासून? दारू घेतो का? आणि, दोन दिवसांत नीट जेवलाय का? बेरीज मर्यादेच्या थोडी वर गेली होती. त्यांनी गोळ्या थांबवल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट ठीक आला, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र चौथा प्रश्न जाईना. गोळी किती घेतली हे विचारणं समजू शकतं. पण जेवणाचा काय संबंध?

माझ्या मनात औषधाचं गणित सरळ रेषेचं होतं. एका गोळीने जेवढा परिणाम, दोन गोळ्यांनी त्याच्या दुप्पट. अपायाचंही तसंच असणार. खरं तर हे सरळ रेषेचं प्रकरण किती फसवं असतं, हे माझ्यासारख्याला आधी कळायला हवं. सर्व्हर दहा हजार लोकांपर्यंत छान चालतो आणि त्यानंतर हळूहळू मंद न होता एकदम झोपतो, हे आम्ही रोज बघतो. यकृताची म्हणजे लिव्हरची गोष्टही तशीच आहे, हे माणसाला कळायला एका औषधाची जवळजवळ शंभर वर्षं गेली.

लघवीत सापडलेला पहिला पुरावा

मात्राच एखाद्या वस्तूला विष बनवते, हा विचार सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याच्या नावावर आहे. १५३८ साली स्वतःवरच्या टीकेला उत्तर देताना त्याने तो मांडला. विचार बरोबर होता, पण तो फक्त 'काय होतं' ते सांगत होता. 'कसं होतं' हे कळायला शरीराच्या आत डोकावावं लागणार होतं, आणि त्या काळात आत डोकावण्याचा एकच सोपा मार्ग होता. बाहेर काय पडतं ते बघणं.

१८४०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रीडरिश व्होलर या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म केलर याने स्वतः बेंझोइक आम्ल घेतलं आणि मग स्वतःची लघवी तपासली. बेंझोइक आम्ल गेलं होतं, पण बाहेर पडलं ते हिप्प्युरिक आम्ल. घोड्याच्या लघवीत आधी सापडलेला हा पदार्थ, म्हणून त्याचं नावही घोड्याच्या ग्रीक शब्दावरून पडलेलं. शरीराने बाहेरून आलेल्या रेणूला स्वतःजवळचा एक छोटा रेणू, ग्लायसीन, जोडला होता आणि मग त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता. माणसाचं शरीर परकी रसायनं नुसती गाळत नाही, त्यांच्यावर काम करतं, हे यातून दिसलं.

पुढची शंभर वर्षं असे जोड सापडत गेले. कुठे सल्फेट जोडलेलं, कुठे ग्लुकुरोनिक आम्ल. हेतू एकच वाटत होता: तेलकट, शरीरात रेंगाळणाऱ्या रेणूला पाण्यात विरघळेल असं करायचं, म्हणजे मूत्रपिंड त्याला बाहेर टाकेल. १९४७ साली आर. टी. विल्यम्स यांनी या सगळ्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच विष उतरवण्याची यंत्रणा असा अर्थ होता. यकृत म्हणजे शरीराचं सफाई खातं, ही आपल्या शाळेच्या पुस्तकातली समजूत या काळाचीच.

चुकून सापडलेली तापाची गोळी

दरम्यान दुसरीकडे एक चूक झाली होती. १८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांवर उपाय म्हणून रुग्णाला नॅप्थलीन देत होते. हो, तेच आपल्या कपाटातल्या डांबरगोळीतलं. जंतांवर फारसा परिणाम होईना, पण रुग्णाचा ताप मात्र उतरला. चौकशी केली तेव्हा कळलं की औषधांच्या दुकानातून नॅप्थलीनऐवजी अ‍ॅसिटॅनिलाइड नावाचं दुसरंच रसायन आलं होतं. ते लवकरच 'अँटिफेब्रिन' या नावाने बाजारात आलं.

ताप उतरायचा, डोकं थांबायचं, पण काही लोक निळे पडायचे. ओठ निळे, नखं निळी. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलून ते प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचं उरत नसे. या बदललेल्या रूपाला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. मग शोध सुरू झाला कमी त्रासदायक नातेवाइकांचा. १८८७ साली बायर कंपनीने फेनासेटिन आणलं आणि ते दशकानुदशकं विकलं गेलं. याच घराण्यातलं तिसरं रसायन, पॅरासिटामॉल, १८७८ सालीच तयार झालेलं होतं. १८९३ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि यानेही मेथहिमोग्लोबिन होतं, असा शेरा मारला. त्यांच्या नमुन्यात दुसरं रसायन मिसळलेलं असावं, असा पुढे अंदाज केला गेला. पण शेरा मारला गेला आणि पॅरासिटामॉल पन्नासेक वर्षं फडताळात पडून राहिलं.

एक औषध, दोन रस्ते

ते बाहेर काढलं न्यूयॉर्कमधल्या दोघांनी. बर्नार्ड ब्रोडी हे मुरलेले संशोधक. ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड हे टोपल्या विणणाऱ्या स्थलांतरिताचे चिरंजीव. मेडिकल कॉलेजांनी त्यांना प्रवेश नाकारला होता, प्रयोगशाळेतल्या एका स्फोटात एक डोळा गेला होता आणि ते खाद्यपदार्थांतली जीवनसत्त्वं मोजण्याची नोकरी करत होते. दोघांपुढे प्रश्न एकच होता: अ‍ॅसिटॅनिलाइड घेणारे काही लोक निळे का पडतात?

१९४८ साली त्यांचं उत्तर आलं. अ‍ॅसिटॅनिलाइड शरीरात दोन रस्त्यांनी जातं. थोडा भाग अ‍ॅनिलिन बनतो आणि रक्त बिघडवण्याचं काम तिथून सुरू होतं. बराच मोठा भाग मात्र पॅरासिटामॉल बनतो, आणि ताप-वेदना कमी करण्याचं श्रेय मुख्यतः त्याचं. म्हणजे साठ वर्षं लोक जे औषध समजून गिळत होते, ते खऱ्या औषधाचं वेष्टन होतं. आतलं औषध शरीर स्वतः तयार करत होतं, आणि सोबत थोडं विषही.

हा 'सोबत थोडं' भाग लक्षात ठेवा. एकच रेणू, एक मोठा रस्ता, एक छोटा रस्ता. घोळ छोट्या रस्त्यावर.

हा निष्कर्ष वाचून कुणालाही वाटेल की मग सरळ पॅरासिटामॉलच द्या, वाईट रस्ता आपोआप बंद. तसंच झालं. १९५५ साली अमेरिकेत 'टायलेनॉल' आलं, १९५६ साली ब्रिटनमध्ये 'पॅनाडॉल'. अ‍ॅस्पिरिनसारखी पोटाला आग नाही, रक्त निळं होत नाही. फेनासेटिनच्या सततच्या वापराने मूत्रपिंडं निकामी होतात हेही त्याच दशकात उघडकीला येऊ लागलं, तेव्हा पॅरासिटामॉलची पत आणखी वाढली. घरोघरी ठेवावं असं, अगदी बाळालाही चालेल असं औषध, ही त्याची ख्याती झाली. नेमून दिलेल्या मात्रेत ती आजही खरी आहे.

एडिंबरामधले दोन रुग्ण

१९६६ साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात एडिंबराच्या डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत छापली. दोघांनी पॅरासिटामॉल फार मोठ्या प्रमाणात घेतलं होतं. दोघेही दगावले. यकृत तपासलं तेव्हा त्यातल्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेलेल्या होत्या.

पुढे असे रुग्ण येत राहिले आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. पहिल्या दिवशी रुग्ण बऱ्यापैकी ठीक असे. थोडी मळमळ, थोडी उलटी. बोलत असे, घरी जायचं म्हणत असे. कधीकधी स्वतःच्या कृत्याचा पश्चात्ताप झालेला असे. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यकृत ढासळायचं. औषध रक्तातून जवळजवळ निघून गेलेलं, आणि नासधूस मात्र आता दिसायला लागलेली. गुन्हेगार गावातून निघून गेल्यावर घर पडावं तसं.

पॅरासिटामॉल स्वतः यकृत जाळत असेल, तर हा उशीर का? आणि कोट्यवधी लोक रोज घेतात त्यांना काहीच का होत नाही?

टाकी

उत्तर अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत मिळालं. ब्रोडी आता तिथे होते. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, यकृताच्या पेशींत औषधांवर प्राणवायूची प्रक्रिया करणारी विकरं म्हणजे एन्झाइम्स सापडली होती. १९६२ साली जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी त्यातल्या मुख्य रंगद्रव्याला 'पी-४५०' नाव दिलं, कारण कार्बन मोनॉक्साइडच्या सोबत ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. दोन, जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने १९४७ सालीच दाखवलं होतं की लोण्याला पिवळा रंग आणणारं एक रसायन उंदरांच्या यकृतात जाऊन तिथल्या प्रथिनांना कायमचं चिकटतं. सफाई खातंच कधीकधी कचऱ्याचं विष करत होतं.

१९७३ साली मिचेल, जॉलो, पॉटर, जिलेट आणि ब्रोडी यांच्या गटाने पॅरासिटामॉलवरचे निबंध ओळीने छापले. त्यांनी आमच्या भाषेत सांगायचं तर लोड टेस्टिंग केलं. उंदरांना वेगवेगळ्या मात्रा दिल्या. औषधाला किरणोत्सारी खूण लावली, म्हणजे ते कुठे चिकटतं ते कळावं. आणि प्रत्येक मात्रेला यकृतातलं ग्लुटाथायोन किती उरलं ते मोजलं.

त्यातून उभं राहिलेलं चित्र आजही तेच आहे. नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग दोन मोठ्या रस्त्यांनी जातो. निम्म्याहून थोड्या अधिक रेणूंना यकृत ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, साधारण तीस टक्क्यांना सल्फेट. दोन्ही निरुपद्रवी, दोन्ही लघवीवाटे बाहेर. उरलेले पाच-दहा टक्के पी-४५० कुटुंबातल्या विकरांच्या हाती लागतात आणि त्यांचा एक अतिशय चिडका रेणू बनतो. त्याला पुढे 'नॅपक्वी' असं लघुनाम मिळालं. तो दिसेल त्या प्रथिनाला डसायला टपलेला असतो. म्हणजे तुम्ही-आम्ही नेमकी मात्रा घेतली तरी हे विष आपल्या यकृतात तयार होतंच. प्रत्येक वेळी.

मग आपण वाचतो कसे? ग्लुटाथायोनमुळे. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू, त्यातल्या सिस्टीनवर गंधक असतं. नॅपक्वी कुणाला डसण्याआधी ग्लुटाथायोन पुढे होतं, त्याला गंधकाने पकडतं आणि दोघंही नाहीसे होतात. एका नॅपक्वीमागे एक ग्लुटाथायोन खर्ची.

हे समजायला सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी भरलेली असो वा पाव उरलेली, खालच्या नळाला पाणी सारखंच येतं. वापर वाढला की पातळी उतरते, पण घरात बसलेल्याला पत्ता नसतो. खालून पंप हळूहळू भर घालत असतो. वापर पंपाच्या वेगापेक्षा सतत जास्त राहिला, तर एका क्षणी नळ कोरडा पडतो. त्याआधी सूचना मिळत नाही.

मोठ्या मात्रेत नेमकं हेच होतं, आणि दोन्हीकडून होतं. सल्फेट जोडायला लागणारा साठा आधी संपतो. मग ग्लुकुरोनिक आम्लाचा रस्ताही तुंबतो. तुंबलेला माल तिसऱ्या, छोट्या रस्त्यावर वळतो. पाच-दहा टक्क्यांचा वाटा फुगतो, आणि तोही मुळातच मोठ्या आकड्याचा. ग्लुटाथायोन झपाट्याने उतरतं. बेथेस्डाच्या उंदरांत ते सुमारे सत्तर टक्क्यांनी घटेपर्यंत प्रथिनांना चिकटलेलं औषध जवळजवळ दिसत नव्हतं. त्यानंतर मात्र चिकटण्याचं प्रमाण झर्रकन चढलं आणि पेशी मरू लागल्या. सरळ रेषा कुठेच नव्हती. एक उंबरठा होता.

त्यांनी उलटतपासणीही केली. विकरांना आधीच जोर देणारं औषध दिलं, तर तेवढ्याच पॅरासिटामॉलने जास्त नासधूस झाली. विकरं रोखली, तर उंदीर वाचले. ग्लुटाथायोन आधीच उतरवून ठेवलं, तर इजा वाढली. सिस्टीन दिलं, तर कमी झाली. मेलेल्या पेशीही यकृतात कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. त्या मधल्या शिरेभोवती होत्या, जिथे ही विकरं सगळ्यांत जास्त आणि ग्लुटाथायोन तुलनेने कमी असतं.

मांजराचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्ल जोडणारं विकर जवळजवळ नसतं, म्हणजे पहिला मोठा रस्ताच बंद. आपल्याला निरुपद्रवी वाटणारी एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. घरात मांजर असेल तर त्याला माणसाची तापाची गोळी कधीही देऊ नका.

आठ तास

यंत्रणा कळली की उपाय सुचतो. टाकी भरा. ग्लुटाथायोन थेट दिलं तर ते पेशींत नीट शिरत नाही. मग त्याचा कच्चा माल द्यायचा. एडिंबरामध्येच लॉरी प्रेस्कॉट यांच्या गटाने १९७४ साली सिस्टिअमाइन हे गंधकयुक्त रसायन वापरून पाहिलं. यकृत वाचलं, पण रुग्णांना मळमळ-उलट्यांचा फार त्रास व्हायचा. मग नजर गेली अ‍ॅसिटिलसिस्टीनवर. छातीतला घट्ट कफ पातळ करायला ते आधीपासून वापरात होतं. शरीरात त्याचं सिस्टीन होतं आणि सिस्टीनचं ग्लुटाथायोन.

१९७९ साली प्रेस्कॉट यांनी गंभीर विषबाधेच्या शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. आठ तासांच्या आत शिरेतून अ‍ॅसिटिलसिस्टीन मिळालेल्या चाळीस जणांचं यकृत जवळपास पूर्ण वाचलं. दहा तासांच्या आत उपचार मिळालेल्या ६२ पैकी एकाच्याच यकृताला गंभीर इजा झाली. पूर्वीच्या ५७ रुग्णांना हे औषध मिळालं नव्हतं, त्यांच्यापैकी ३३ जणांना ती झाली होती. आठ तासांनंतर मात्र उपयोग उतरत गेला. उशिरा आलेल्यांनाही या औषधाचा फायदा होतो हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं, पण आठ तासांचं मोल तेच राहिलं.

१९६६ साली ज्या आजारावर डॉक्टर हताश होते, त्यावर तेरा वर्षांत खात्रीचा उतारा आला. तो उंदरांच्या यकृतातलं ग्लुटाथायोन मोजत बसलेल्या माणसांमुळे आला. आणि त्याला लागणारी एकच गोष्ट विज्ञानाच्या हाती नव्हती. रुग्ण बरा वाटत असतानाच दवाखान्यात पोचायला हवा. पहिल्या दिवसाची शांतता ही टाकीतली शेवटची पातळी असते. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याचा संशय असेल, चुकून वा जाणूनबुजून, तर लक्षणांची वाट न बघता लगेच मोठ्या रुग्णालयात जायचं असतं.

ब्रिटनने आणखी एक साधा उपाय केला. १९९८ साली कायद्याने पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कमी केली. टोकाचा विचार मनात आलेल्या माणसाच्या हाताशी घरात साठा कमी असावा, एवढाच हेतू. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यानंतरच्या अकरा वर्षांत पॅरासिटामॉलने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ४३ टक्के कमी झाले, म्हणजे अंदाजे ७६५ जीव. तो काळोखा क्षण अनेकदा टळतो, हे त्या आकड्यांनी दाखवलं. आपल्यापैकी कुणावर तशी वेळ आलीच, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो.

चौथा प्रश्न

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे परत येतो. दोन दिवसांत नीट जेवलाय का?

ग्लुटाथायोन अन्नातल्या प्रथिनांपासून बनतं. तापात जेवण जात नाही, उपास घडतो, तेव्हा टाकी भरणारा पंपच मंदावलेला असतो. सतत दारू पिणाऱ्याच्या बाबतीत टाकी कमी भरलेली असते आणि छोट्या रस्त्यावरचं विकरही वाढलेलं असतं. मोठ्या माणसाने २४ तासांत चार ग्रॅमच्या वर जाऊ नये, असं अनेक देशांत सांगितलं जातं. ती मर्यादा धडधाकट माणसाची आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, दारू असेल, तर ती डॉक्टरांकडून खाली आणून घ्यायची असते. गोळीवरचा आकडा सगळ्यांना सारखा असतो, पण शिल्लक ज्याची त्याची वेगळी.

म्हणजे डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी विचारत होते. पहिल्या दोन प्रश्नांत खर्च, पुढच्या दोन प्रश्नांत शिल्लक. मी फक्त खर्चाची बेरीज करत होतो.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे. गोळीचं दुकानातलं नाव, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता, असे चार रकाने. कुणाला ताप आला की तो भरायचा. पाचवा रकाना रूममेटने स्वतःच्या हाताने आखला. त्यात लिहायचं, जेवण काय झालं.